पवळीची माळ

या, असे पुढं सरकून बसा. बुवांना यायला अजून अवकाश आहे, मृदंगाला आत्ताशी कणीक लावायचं चाललंय. तेवढ्यात तुम्हाला एक गोष्ट सांगतो. लांबलचक नाही, आणि हसण्यासारखी फारशी नाही. एका कुत्रीची गोष्ट आहे.

बहात्तरचा दुष्काळ पडला, त्याच्या पुढचा उन्हाळा. न्हावऱ्याच्या पुढं, दौंडकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला माळावर गुरांची छावणी उघडली होती. दोन-अडीचशे जनावरं. बाभळीच्या मेढी रोवून वर पाचटाची सावली केलेली, मध्ये पाण्याची टाकी, आणि प्रत्येकाच्या जनावराची दावण ठरलेली. ज्याची गुरं तोही तिथंच राहायचा. माझी बैलजोडी होती, म्हणून मीही चार महिने तिथंच पडून होतो. माझं घर तिथून पायी तासाभराच्या वाटेवर.

माझ्या शेजारच्या दावणीला विठाबाई नावाची एक म्हातारी होती. तिला मूल ना बाळ. एक भाकड गाय आणि गायीमागं चालत आलेली एक तांबूस कुत्री, एवढाच तिचा गोतावळा. कुत्रीचा रंग पोवळ्यासारखा, म्हणून म्हातारी तिला पवळी म्हणायची. गुरांच्यात राहायची, तर नावही गुराचंच. विठाबाईला रेशनच्या मिलोची, त्या तांबड्या परदेशी ज्वारीची भाकरी मिळायची, ती अर्धी मोडून हातावर धरायची. पवळी ती हातावरूनच खायची. जमिनीवर टाकलेल्या तुकड्याकडं ती नुसती बघत बसायची, कुणीतरी उचलून हातात धरीपर्यंत.

फाल्गुनात म्हातारीला ताप आला आणि तीन दिवसांत ती गेली. पुतण्या आला, गाय सोडली आणि गाडीच्या मागं बांधली. पवळी मागं निघाली, तर त्यानं धोंडा भिरकावला. ती ओरडली नाही. थोडी उभी राहिली, मग परत येऊन गायीच्या रिकाम्या खुंट्यापाशी बसली. त्या दिवसापासून ती खुंट्याची झाली.

आता मला कुत्र्याचं वावडं होतं, ते आधी सांगायला पाहिजे. माझी थोरली, रंभा, सहा वर्षांची असताना पिसाळलेलं कुत्रं चावून गेली. तिचं शेवटी काय झालं ते मी सांगत नाही, तुम्हीही विचारू नका. तेव्हापासून आमच्या आळीत कुत्रं भुंकलं तरी माझी बायको ललिता दार ओढून घ्यायची. आणि मी, नऊ वर्षं कुठल्या कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला नव्हता.

तो हात पवळीच्या पाठीवर कसा गेला, तेही ऐका. माझ्या पुढच्या दावणीला एक वासरू होतं, हाडांचा सांगाडा नुसता. त्याच्या डोळ्यांना माश्या लागायच्या. पवळी रोज सकाळी जायची आणि त्याचे डोळे चाटून साफ करायची, आधी एक, मग दुसरा. वासरू मान खाली करून उभं राहायचं. आई लेकराचं तोंड पुसते ना, तसं. एके दिवशी माझ्या हातून भाकरीचा तुकडा आपोआप पुढं झाला. तिनं तो दातानं ओढून घेतला नाही, ओठांनी उचलला. मग मी तिथंच बसून राहिलो, बैलांना पाणी दाखवायचंही विसरलो.

छावणीत दर एकादशीला दिवेलागणीच्या आधी कीर्तन व्हायचं. साहेबरावबुवा सायकलवरून यायचे, वीणा पाठीला बांधलेली. मी टाळकरी. कीर्तन म्हणजे माझा जीव की प्राण. घरी दाणा नसला तरी कीर्तन चुकवलं नाही मी. पवळी आम्हा टाळकऱ्यांच्या मागं येऊन बसायची, पुढचे दोन पाय जुळवून. गजर चढला, माणसं उठून नाचायला लागली की तीही उठून उभी राहायची. गजर उतरला की बसायची. लोकांना त्याची मोठी गंमत वाटायची. मला गंमत वाटत नव्हती. माझ्या डोळ्यांना पाणी यायचं.

चैत्रातल्या एकादशीला तीन-चार जणांनी बुवांच्या हातून गळ्यात तुळशीची माळ घालून घेतली. माळ म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आजपासून मांस-मच्छी बंद, खोटं बंद, आणि गळ्यातून माळ काढायची नाही. मी त्या आनंदात होतो. एक माळ जास्तीची होती. मी पवळीला पुढं घेतलं आणि म्हणालो, बुवा, हिलाही घाला.

लोक हसले. बुवा हसले नाहीत. त्यांनी माळ हातात घोळवली.

"चांगदेवा, माळ घालायला काय, आत्ता घालतो," ते म्हणाले. "पण तिला काय कळतंय? तिची माळ दुसऱ्यानं पाळायला लागंल. कोण पाळणार?"

"मी हाय की," मी म्हणालो.

बुवांनी माळ माझ्या हातात दिली. स्वतः घातली नाही. मी ती पवळीच्या गळ्यात बांधली, दोन वेढे देऊन. ती मान खाली घालून उभी होती, त्या वासरासारखी. टाळ्या पडल्या. गिताबाई म्हणून एक होती, तिनं पुढं होऊन पवळीच्या कपाळाला बुक्का लावला. त्या दिवसापासून तिला सगळे माळकरीण म्हणायला लागले. बायका येता-जाता नमस्कार करायच्या. मला फार बरं वाटायचं. इतकं बरं वाटायला नको होतं.

आता वजीरमामाचं सांगतो. सगळी गोष्ट त्याच्यापाशीच अडली.

रेल्वेच्या वाघिणींतून दौंडला गवताच्या गाठी उतरायच्या आणि तिथून ट्रकनं छावणीत यायच्या. तो ट्रक वजीरमामा चालवायचा. पन्नाशीचा माणूस, दाढीला मेंदी, बोलायला गोड. दौंडला रुळाच्या पलीकडं त्याचं घर होतं, घरामागं दहा-बारा शेरडं. एक दिवसाआड ट्रक यायचा. फाट्यावर गिअर बदलला की पवळीचे कान उभे राहायचे, आम्हाला आवाज यायच्या आधी. ती धावत सुटायची आणि ट्रकच्या पुढं पुढं पळत त्याला छावणीत घेऊन यायची. वजीरमामा जाळीदार रुमालातून तिच्यासाठी काहीतरी आणायचा, घरात राहिलेलं हाडूक, रोटीचा तुकडा. परत जाताना तिला केबिनमध्ये शेजारी बसवायचा, फाट्यापर्यंत न्यायचा आणि उतरवायचा. तेवढी तिची सैर.

छावणी मोडली की मी हिला नेणार, असं त्यानं शिमग्यातच सांगून ठेवलं होतं. घरात नाही, मागं शेरडांच्यात राहील. लांडगं येतात, सोबत होईल. त्याची बायको शहाबानो हिलाही त्यानं विचारलं होतं, ती हो म्हणाली होती. सगळं ठरलेलं. पवळीला घर होतं, बघा. मी माळ बांधली त्या दिवशी तिला घर होतं.

एकादशीनंतर दोन दिवसांनी ट्रक आला. वजीरमामा खाली उतरला, रुमालाची गाठ सोडली आणि थांबला. पवळीच्या गळ्याकडं बघितलं. मग त्यानं रुमालाची गाठ पुन्हा मारली आणि रुमाल सीटवर ठेवून दिला. पवळी त्याच्या हाताकडं बघत उभी.

"कुणी घातली?" त्यानं विचारलं. मी सांगितलं, मोठ्या कौतुकानं सांगितलं.

त्यानं केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाला, "मंग आता न्हाई जमायचं, आप्पा. आमच्याकडं शिजतं. आज न्हाई शिजलं तर उद्या शिजंल. ही हाडूक उचलणार, तिचा काय गुन्हा? पण माळेची बेअदबी माझ्या अंगणात व्हायला नको. दौंडात लोक मला ओळखत्यात. तुम्हालाबी बरं वाटायचं न्हाई."

त्या क्षणी मी हात पुढं करून ती माळ काढायला पाहिजे होती. एक गाठ होती नुसती. पण बुवांसमोर, एवढ्या माणसांत, मी हाय की म्हणालो होतो. आणि माळ काढणं म्हणजे पाप, हे माझ्या हाडीमांसी. मी मनाला म्हटलं, एवढी माळकरी घरं आहेत तालुक्यात, त्यांत एका कुत्रीला जागा नाही का मिळणार? हा माझा अभिमान होता. मी त्याला भक्ती समजत होतो.

मग मी घरं विचारत फिरलो. काय सांगू तुम्हाला. एक जण म्हणाला, राखणीला कुत्रं पाहिजे ते भुंकणारं. ही चोराला पाणी विचारील. दुसरा म्हणाला, आमचं सोवळ्याचं घर, कुत्रं ओसरीवर चालायचं नाही. मी म्हणालो, अहो, माळकरी आहे. तर म्हणाला, माळ कुत्रीच्या गळ्यात आहे, कुत्री माळेच्या गळ्यात नाही. गिताबाईकडं गेलो, जिनं बुक्का लावला होता.

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "घरात नगं. पर तिच्या पाया पडाया येत जाईन मी."

आणि जी घरं मटण-मच्छी खाणारी होती, ती सगळी वजीरमामासारखंच म्हणाली. माळेला हात जोडत होती आणि कुत्रीला नको म्हणत होती.

माझ्या घरी का नेलं नाही, असं तुमच्या मनात आलं असेल. ललिताला मी विचारलंच नाही. कुठल्या तोंडानं विचारणार? रंभाचं परकर-पोलकं अजून पेटीत होतं.

आषाढात माळ हिरवा झाला आणि छावणी मोडल्याचं सांगण्यात आलं. जो तो आपली गुरं सोडून चालता झाला. वजीरमामा शेवटचा ट्रक घेऊन आला, टाकी आणि पत्रे भरून न्यायला. सामान भरून झालं. तो केबिनमध्ये चढला आणि दुसऱ्या बाजूचं दार त्यानं उघडंच ठेवलं. इंजिन सुरू होतं. त्यानं बिडी पेटवली आणि ती संपेपर्यंत ओढली. पवळी उघड्या दाराखाली उभी, शेपटी हलवत. तो तिला बोलवत नव्हता, माझ्याकडंही बघत नव्हता, समोर रस्त्याकडं बघत होता. मी माझ्या बैलांच्या दाव्याला गाठ मारत बसलो. पक्की बसलेली गाठ सोडून पुन्हा मारली.

बिडी संपली. त्यानं हात लांब करून दार ओढून घेतलं. पवळी फाट्यापर्यंत ट्रकबरोबर पळत गेली आणि नेहमीसारखी परत आली. येऊन खुंट्यापाशी बसली. मी बैल घेऊन घरी गेलो.

रोज भाकरी घेऊन येईन असं मी ठरवलं होतं. आठ-दहा दिवस गेलोही. सगळा माळ मोकळा, मेढींचे खड्डे तेवढे राहिलेले, आणि त्यांच्यामध्ये ही एकटी. मग पेरणी आली. एक दिवस चुकला, मग लागोपाठ दोन चुकले. तिसऱ्या दिवशी गेलो तर तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. भाकरी हातावर धरली, तिनं आधी माझा हात चाटला.

त्याच सुमाराला त्या बाजूला पिसाळलेल्या कुत्र्याची आवई उठली. एका वासराला चावलं, मग एका गड्याला. जो तो काठी घेऊन फिरायला लागला. दिसेल ते मोकाट कुत्रं मारलं. पवळीच्या वाटेला कुणी गेलं नाही. वाड्या-वस्त्यांवर सांगून ठेवलं होतं म्हणे, माळावरची माळकरीण आहे, तिला हात लावू नका. ते ऐकून मला धीर आला. देव सांभाळतोय, असं मी म्हणालो.

घरी ललिताच्या लक्षात आलंच. भाकऱ्या कमी होत होत्या. एका सकाळी तिनं तव्यावरून नजर न काढता विचारलं, ही जास्तीची भाकरी कुणासाठी नेता? मग मी बसलो आणि सगळं सांगितलं. विठाबाई, वासराचे डोळे, माळ, वजीरमामाचं उघडं दार. कुत्री म्हणताना माझी जीभ अडखळली. ती ऐकत होती. तव्यावरची भाकरी करपली, पण तिनं उलटली नाही.

"माळ तिनं मागितली व्हती का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मंग तुम्ही घातली, तुम्हीच काढा. पाप लागलं तर तुम्हाला लागंल. तिचं घर कशाला मोडता?" आणि थोड्या वेळानं, चुलीतलं लाकूड मागं ओढत, ती म्हणाली, "माझ्या दारात मला बघवायचं न्हाई. पर कुणाच्या तरी दारात असू द्या तिला."

त्याच पावली मी निघालो. माळावर पवळी बसलेली होती. मी तिच्यासमोर बसलो, हात जोडले, आणि गळ्यातली गाठ सोडली. चार महिन्यांत ती घट्ट बसली होती, दातांनी सोडवावी लागली. माळ कपाळाला लावली आणि खिशात घातली. तिनं मान झाडली, कान फडफडवले. तिला हलकं वाटलं असावं. मीही हलका झालो होतो. तिला घेऊन एसटीत चढायला गेलो तर कंडक्टरनं पायरीवरूनच उतरवलं. मग मी सगळी भाकरी तिच्यासमोर हातानं भरवली, उद्या वजीरमामाला घेऊन येतो म्हणून सांगितलं, आणि पुढच्या गाडीनं एकटा दौंडला गेलो.

वजीरमामा घरी नव्हता, ट्रक घेऊन वरवंडला गेला होता. शहाबानोनं मला बसवलं, चहा दिला. मी खिशातून माळ काढून दाखवली. ती उठली आणि म्हणाली, या, दाखवते. घरामागं शेरडांच्या गोठ्यात एका कोपऱ्यात गोणपाट दुमडून अंथरलेलं होतं. त्याच्याशेजारी जर्मलची वाटी, पालथी घातलेली, धूळ बसू नये म्हणून.

"शिमग्यापास्नं ठिवलंय," ती म्हणाली. "आता कोण येणार न्हाई म्हणून उचलायला जायची, पर मन व्हायचं न्हाई."

संध्याकाळी वजीरमामा आला. माळ बघून त्यानं माझ्या खांद्यावर नुसता हात ठेवला. मालकाला सांगून सकाळी ट्रक काढू म्हणाला. मी त्यांच्याकडंच राहिलो.

सकाळी आम्ही निघालो. वजीरमामानं जाळीदार रुमाल बरोबर घेतला होता, गाठ मारलेला. फाट्यावर त्यानं गिअर बदलला आणि मुद्दाम हळू केलं. पवळी पळत आली नाही.

ती खुंट्यापासून वीसेक हातांवर पडली होती. डोक्यात काठी बसली होती. जवळच रस्त्याच्या कामावरची माणसं खडी पसरत होती, दुसऱ्या तालुक्यातून कालच आलेली. त्यांच्यातला एक जण स्वतःहून पुढं आला. त्याच्याबरोबर त्याची बायको आणि तान्हं पोर होतं. म्हणाला, काल दुपारी ही सरळ पोराकडं चालत आली, मान खाली घालून, भुंकेना, पळेना, धोंडा मारला तरी हटेना. आम्हाला इथल्यांनी सांगितलं होतं, पिसाळलेलं कुत्रं असंच येतं. आणि गळ्यात माळ असलेली एक आहे, तेवढी सोडा. हिच्या गळ्यात काही नव्हतं.

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या जागी रंभाचा बाप असता, तर त्यानं काय केलं असतं? पोराच्या हातात भाकरीचा तुकडा होता, असं त्याची बायको म्हणाली. पवळी हातातल्या तुकड्याकडं गेली होती.

मला वाटलं होतं, लोक तिला ओळखतात. लोक माळेला ओळखत होते.

वजीरमामानं ट्रकमधलं फावडं काढलं. विठाबाईच्या गायीचा खुंटा उपटला आणि तिथंच खड्डा केला. पावसानं जमीन मऊ होती, फार वेळ लागला नाही. आम्ही दोघांनी तिला आत ठेवलं. त्यानं रुमालाची गाठ सोडली, आत दोन रोट्या होत्या, नुसत्या रोट्या. त्या तिच्या तोंडापाशी ठेवल्या. माझ्या हातात माळ होती. मी ती पुढं केली आणि थांबलो, त्याच्याकडं बघितलं.

"घाला, आप्पा," तो म्हणाला. "आता तिला कुणाच्या घरी जायचं न्हाई."

मी ती तिच्या गळ्यात घातली. दोन वेढे देऊन, पहिल्यासारखी.

घरी गेलो तेव्हा ललिता उंबऱ्यात उभी होती. माझ्या हातांवरची माती तिनं पाणी ओतून धुतली. त्यानंतर आमच्या घरात रोज एक भाकरी जास्त होते. ती दाराबाहेर टाकत नाही आम्ही. आळीत जे येईल, त्याला ललिता हातावर धरून देते, चेहरा दुसरीकडं करून.

ते बघा, बुवा आले, सायकल लावतायत. टाळ घ्या हातात. एवढंच मागतो तुमच्यापाशी: आज गजर चढला, तुम्ही नाचायला उभे राहिलात, की एकदा मागं वळून दाराकडं बघा. तिथं कुणी पाय जुळवून बसलेलं असेल, नसेल. पण तेवढा एक ठेका माझ्या पवळीची आठवण ठेवा.